तीनपेडी हाय-फाय

आमच्या दिवाणखान्यात अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत चार मीटरचं अंतर आहे. घरातली शांतता, खिशातले पैसे आणि रसिक म्हणून मिळवलेली अब्रू, असं तिन्ही गमवायला एवढं अंतर पुरतं.

वर्षानुवर्षं हे चार मीटर एका साध्या वायरीने बिनतक्रार सांभाळले होते. स्पीकर घेतले तेव्हा दुकानदाराने खोक्यात फुकट टाकलेली ती वायर. अर्धी लाल, अर्धी काळी. तिच्यातून किशोरीताईंचा भूप आला, मल्लिकार्जुन मन्सूरांचे अनवट राग आले, कुमारांची निर्गुणी भजनं आली, आणि लेक कॉलेजात असताना भिंती हलवणारं बरंच काही आलं. वायरीने कधी आवडनिवड केली नाही. ती सोफ्यामागे आहे हेसुद्धा मी विसरलो होतो. वस्तू चांगली असल्याची याहून मोठी खूण नसते. पण हे शहाणपण लोकांना विकत घ्यावं लागतं, आणि मी तर ते घरच्या घरी बनवायला निघालो.

सुरुवात एका फोनने झाली. आमचे एक स्नेही म्हणाले, "रविवारी या. नवी केबल आणलीय, ऐकायला या." गाणं ऐकायला बोलावणारे पुष्कळ भेटले होते, केबल ऐकायला बोलावणारे हे पहिलेच. गेलो. केबल मनगटाएवढी जाड, जांभळ्या जाळीत गुंडाळलेली, आणि फरशीचा विटाळ होऊ नये म्हणून शिसवी ठोकळ्यांवर ठेवलेली. तिच्यावर बाण छापलेला होता. "बाणाच्या दिशेनेच लावायची," स्नेही म्हणाले. स्पीकरच्या वायरीतला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पुढेमागे होतो; त्याला एकेरी वाहतुकीचा नियम कोण सांगणार, असा प्रश्न बारावीच्या फिजिक्सने मला सुचवला होता. पण त्याच वेळी वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली. मी किंमत विचारली. माझी पहिली स्कूटर, तिचा विमा आणि पुणेकर असूनही घेतलेलं हेल्मेट, सगळं धरून जेवढे झाले होते त्याहून जास्त.

"काय, फरक कळतोय?" स्नेह्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

मला काहीही कळत नव्हतं. पण पोहे खाऊन झाले होते, चहा झाला होता आणि वहिनी बाकरवडी आणायला उठल्या होत्या. अशा वेळी 'काही फरक नाही' म्हणणं पुण्यातसुद्धा शोभत नाही. मी म्हटलं, "तंबोरा मोकळा झालाय."

स्नेह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलण्यापुरतं बोललेलं वाक्य घरी पोचेपर्यंत मला स्वतःलाच पटलं. त्या रात्री आमच्या स्पीकरवर तोच राग लावला, तर तंबोरा अगदी अवघडून बसलेला. इतकी वर्षं मी हा कोंडलेला तंबोरा ऐकत होतो? ही म्हणाली, "कालपर्यंत तर बरा होता." कालपर्यंत मी पोहे खाल्ले नव्हते, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

मग अभ्यास सुरू झाला. स्पीकरला खास केबल लागते ही कल्पना मुळात फार जुनी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतसुद्धा लोक टेबललँपची वायर कापून स्पीकरला जोडत. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली नावाच्या गृहस्थांनी गॅरेजमध्ये बसून वेगवेगळ्या तारा वळून, जोडून, ऐकून पाहिल्या. ऐकायला चायकॉवस्कीचं तोफांसकटचं '१८१२ ओव्हर्चर' लावत. हे गृहस्थ आधी लेझर फ्यूजनच्या प्रयोगशाळेत इंजिनियर होते. पुढे त्यांनी त्या तारांतून 'मॉन्स्टर केबल' नावाची मोठी कंपनी उभी केली. मी एवढंच लक्षात ठेवलं, की माणूस घरी बसून तारा वळत होता. प्रयोगशाळेचा भाग मी सोडून दिला.

दुसरी कथा २००७ ची. जेम्स रँडी हे मूळचे जादूगार, आणि चमत्काराचे दावे करणाऱ्यांना उघडं पाडण्यासाठी प्रसिद्ध. त्या वर्षी त्यांनी ७,२५० डॉलर किमतीच्या एका स्पीकर केबलबद्दल जाहीर आव्हान दिलं. ही केबल साध्या केबलपेक्षा चांगली वाजते हे चाचणीत सिद्ध करा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. ते दहा लाख डॉलर कोणीही घेऊन गेलं नाही. शहाण्या माणसाने यातून काढावा असा निष्कर्ष उघड आहे. मी काढला तो असा, की विकतच्या केबलमध्ये राम नाही. म्हणजे घरगुतीच घ्यायला हवी. लोणच्यापासून दिवाळीच्या फराळापर्यंत आमच्या घराण्यात हाच निष्कर्ष निघत आला आहे.

गणितही केलं, नाही असं नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मीटरमागे साधारण ०.०१७ ओहमचा रोध करते. आमची फुकटची वायर सव्वा चौरस मिलिमीटरच्या आतबाहेरची. चार मीटर जायचे आणि चार यायचे, मिळून रोध एक-अष्टमांश ओहमच्या आसपास. समोर स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे वायरीत वाया जाणारा आवाज साधारण एक-अष्टमांश डेसिबल. पूर्ण एका डेसिबलचा फरक ओळखायलाही माणसाला कान टवकारावे लागतात. गणित दोनदा तपासलं. बरोबर होतं. म्हणून कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला खरेदीची यादी लिहिली.

यादी घेऊन मी तपकीर गल्लीत गेलो. ज्याला पुण्यात वायर, होल्डर किंवा आत्मविश्वास हवा असेल त्याने तिथे जावं. पहिल्या दोन वस्तू नक्की मिळतात.

"कशाला पाहिजे?" शेठनी विचारलं.

"स्पीकरला."

"मग चाळीस-शहात्तर न्या. सगळे तेच नेतात."

चाळीस-शहात्तर म्हणजे ०.००७६ इंच जाडीच्या चाळीस बारीक तारांची वायर. आमची फुकटची वायर तीच होती, आणि सगळे नेतात ते मला न्यायचं नव्हतं. "लॅनची वायर द्या," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरला पण जोडायचंय?"

"नाही. स्पीकरलाच."

शेठनी काउंटरवरच्या पोऱ्याकडे पाहिलं, पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "कॉपर देऊ का सीसीए?" सीसीए म्हणजे वरून तांबं आणि आतून अ‍ॅल्युमिनियम, स्वस्त पडतं. मी ताठ होऊन म्हटलं, "कॉपर. आणि ऑक्सिजन-फ्री आहे ना?"

"साहेब, ऑक्सिजनचं पलीकडे मेडिकलमध्ये विचारा."

लॅनच्या वायरीमागे शास्त्र आहे. तिच्या आत एकमेकींना पीळ घातलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. जाणारी आणि येणारी तार जितकी जवळ, तितकं केबलचं इंडक्टन्स कमी, आणि उंच स्वरांची वाट तितकी मोकळी. अशा तीन केबलींची तीनपेडी वेणी घालायची, सगळ्या रंगीत तारा एकत्र करून त्यांचं प्लस करायचं आणि पांढऱ्यांचं मायनस. जगभरचे हौशी लोक हे करतात. शिवाय 'स्किन इफेक्ट' नावाचा एक बागुलबुवा आहे: वीस हजार हर्ट्झला प्रवाह तांब्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल शिरतो. लॅनमधली तार सगळी मिळूनच अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे तिचा कण न् कण कामाला येणार. हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही." हा अन्याय होता, कुकरची शिट्टी मला ऐकू येते, मी उठत नाही एवढंच. पण पन्नाशी ओलांडलेल्या कानांना वीस हजार हर्ट्झ ऐकू येत नाहीत, हे मात्र खरं. ज्या पाहुण्यांसाठी मी एवढा रस्ता बांधत होतो ते आमच्या दारावरून परत जाणार होते.

आणखी एक हिशोब मी वेणी घालण्याआधी करायला हवा होता, तो नंतर केला. लॅनमधली एक तार साधारण ०.२ चौरस मिलिमीटरची. तीन केबलींमधून एका बाजूला येतात बारा तारा. बारा गुणिले ०.२, म्हणजे जवळजवळ अडीच. घराच्या भिंतीतून जाते ती साधी अडीच एमएमची वायर प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या खांद्यावर भेंडोळ्याने लटकत असते. जोड्यांमुळे कमी होणारं इंडक्टन्स सोडलं, तर तेवढंच तांबं मी बोटं सोलून घेऊन जमा करणार होतो.

पण वेणी. मला वेणी घालता येत नाही. "लेकीची वेणी घालायची वेळ आली की तुम्हाला ऑफिसचा फोन यायचा," ही म्हणाली आणि पदर खोचून बाल्कनीत आली. ग्रिलला एक टोक बांधलं. मी दुसऱ्या टोकाला ताण धरून उभा. ही पेड घालत होती आणि मधूनच ओरडत होती, "ओढू नका, सैल सोडा!" समोरच्या बाल्कनीतल्या आजी वाती वळायच्या थांबल्या. दुसरी वेणी पुरी झाल्यावर हिने विचारलं, "शेवटी रिबीन बांधू?"

वेणीत लांबी जाते. हे घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. काटकसर म्हणून मोजून चार मीटरचे तुकडे आणले होते. त्यांची वेणी तीन मीटर आणि वर थोडी. आता केबल स्पीकरपर्यंत पोचत नव्हती, तेव्हा स्पीकर केबलपर्यंत आणले. सोफा खिडकीला चिकटला, टीपॉय लेकीच्या खोलीत गेला, आणि स्वयंपाकघरात जायला सगळ्यांना आडवं व्हावं लागू लागलं. हिला मी सांगितलं की स्पीकर भिंतीपासून दूर असलेले चांगलेच. तेही शास्त्रात आहे.

मग सोल्डरिंग. दोन वेण्या, चार टोकं, प्रत्येक टोकाला चोवीस तारा: एकूण शहाण्णव तारांची प्लास्टिकं सोलायची. प्रत्येक टोकाला बारा-बारांचे दोन घोळके करायचे, त्यांना कथिल पाजायचं, वर आकसणारी नळी चढवायची, प्लसला लाल आणि मायनसला काळी, आणि मेणबत्तीवर ती बसवायची. राळेच्या धुराने घरात एकाच वेळी आरतीचं आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचं वातावरण झालं. शेवटचं टोक मध्यरात्रीनंतर झालं. चष्मा कपाळावर होता, पण तोपर्यंत माझा हात इतका बसला होता की बघायची गरजच उरली नव्हती.

केबल फरशीवर ठेवायची नाही, हे जांभळ्या केबलीकडून शिकलो होतो. शिसवी ठोकळे नव्हते, म्हणून स्टीलच्या आमटीच्या वाट्या उपड्या घातल्या. सकाळी कामवाल्या मावशी फरशी पुसायला आल्या आणि दारातच थबकल्या. "वाट्या उपड्या का घातल्यात दादा? पाल पकडलीय का?"

अखेर भूप लावला. आणि खरोखर, अगदी शपथेवर, फरक पडला होता.

पहिल्यांदाच माझ्या कानांना न मागता फरक ऐकू येत होता. आवाज स्पीकरमधून येतच नव्हता. तो डावीकडे होता, उजवीकडे होता, थोडा डोक्यामागेही होता. किशोरीताई समोर बसून गात नव्हत्या, खोलीभर होत्या. तंबोऱ्याचे वरचे स्वर सुटे सुटे होऊन तरंगत होते. मी डोळे मिटले. नोएल ली यांना गॅरेजमध्ये नेमकं काय वाटलं असेल ते मला कळलं.

"डग्गा कुठे गेला?" ही म्हणाली.

"म्हणजे?"

"तबला वाजतोय. चाट ऐकू येतेय. डग्गा नाहीये."

मी तिला शांतपणे समजावलं. आधी जो घुमारा ऐकू येत होता तो डग्गा नव्हता. तो जुन्या वायरीतला गढूळपणा होता. गाळ खाली बसला, पाणी नितळ झालं, आता जेवढा आहे तेवढाच खरा डग्गा. ती म्हणाली, "मग तबलजी एका हाताने वाजवतोय," आणि आडवी होऊन स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या रविवारी मी केबल ऐकायला लोकांना बोलावलं. जांभळे स्नेही आले, आणखी दोन जाणकार आले. ह्या वेळी पोहे आमच्याकडचे होते, हे नमूद करून ठेवतो. पहिल्या आलापीलाच स्नेही पुढे झुकले. "अवकाश!" ते म्हणाले. "गायिका नेमकी कुठे बसलीय ते सांगताच येत नाही!" दुसरे म्हणाले, "देहातीत झालाय आवाज." तिसऱ्यांनी नुसता हात वर केला आणि तो बराच वेळ वरच ठेवला. डग्ग्याचा विषय हिने बशी ठेवता ठेवता काढलाच. तेव्हा स्नेह्यांनी अधिकारवाणीने सांगितलं, "नवी केबल आहे वहिनी, शंभर तास वाजून पिकावी लागते. मग खालचे स्वर उतरतात."

मग आमच्याकडे अहोरात्र केबल पिकू लागली. आम्ही झोपलो तरी बाहेर बारीक आवाजात भूप चालू. रात्री पाणी प्यायला उठलेली लेक अंधारात स्पीकरला धडकली. केबलबद्दल तिने तेव्हा काढलेले उद्गार या मासिकाच्या परंपरेत बसणारे नाहीत. तास भरत आले तरी डग्गा उतरेना. उलट माझी खात्री वाढत गेली, की जे ऐकू येत नाही ते मुळात नव्हतंच.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, त्यामुळे सोसायटीच्या गणपतीला मांडवातल्या माइकसाठी करंट आमच्या घरातून जातो. साउंडचं काम करणारे मामा दरवर्षी वायर ओढायला येतात. ते आले तेव्हा केबल पिकतच होती. मामा बोर्डापाशी गेले, प्लग हातात धरला, आणि तसेच उभे राहिले.

"साहेब, एक बॉक्स उलटा लागलाय तुमचा."

मी हसलो. मामांना घरगुती ऐकण्याची सवय नसणार. मी त्यांना अवकाशाबद्दल सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेन्सिल सेल आहे का?"

हिने टीव्हीचा रिमोट उघडून सेल आणून दिला. मामांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, केबलीची टोकं मागून काढली, स्पीकरची जाळी काढली. उजव्या केबलीच्या लाल टोकाला सेलचं प्लस आणि काळ्याला मायनस क्षणभर टेकवलं. स्पीकरचा कोन टप करून बाहेर आला. मग डावी केबल. लाल, काळं, टप. कोन आत गेला.

"बघा," मामा म्हणाले. "एक ढकलतोय, एक ओढतोय. बेस एकमेकाला खाऊन टाकतोय."

दोन्ही स्पीकरचे कोन एकदम बाहेर आणि एकदम आत जायला हवेत. त्यातला एक उलटा चालला की खर्जाच्या लांब लहरी खोलीत एकमेकींना रद्द करतात, आणि मधोमध उमटायला हवा तो गळा जागा न सापडल्यामुळे भिंतीभिंतीवर भटकतो. त्या मध्यरात्री, हात फार बसलेला असताना, एका टोकाची लाल नळी पांढऱ्या तारांच्या घोळक्यावर चढली होती. अवकाश, देहातीतता, खोलीभर पसरलेल्या किशोरीताई, ह्या सगळ्याची किंमत दोन रुपयांची नळी होती.

मामांनी टोकं उलटसुलट करून जोडली, अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. भूप पुन्हा सुरू झाला आणि डग्गा आला. जमिनीतून आला. किशोरीताई दोन स्पीकरांच्या मधोमध, टीव्हीच्या जरा वर, मांडी घालून बसल्या. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आले का तबलजी?"

"तुम्ही मांडवात कुठली केबल वापरता?" मी मामांना विचारलं. विषय बदलायला काहीतरी हवं होतं.

"चाळीस-शहात्तर. अख्ख्या चौकाला तीच ओढतो." जाता जाता त्यांनी वेणीकडे पाहिलं. "हे विणलंय मात्र छान. वहिनींनी का?"

मी बसून विचार केला. या सगळ्या खटाटोपात माझ्या तांब्याने, पिळाने, वेणीने, आमटीच्या वाट्यांनी आणि शंभर तासांनी आवाजात कोणालाही कळेल असा बदल केला नव्हता. कळण्यासारखा बदल एकच झाला होता, तो चुकीच्या जोडणीने. तो स्वयंपाकघरातल्या कानांना दोष वाटला, मांडवातल्या कानांना दोष वाटला. गुण वाटला तो फक्त ज्यांनी केबलीवर पैसे किंवा घाम घातला होता त्यांना.

हा निष्कर्ष मी जांभळ्या स्नेह्यांना मोठ्या मनाने सांगायचं ठरवलं. त्यांना बोलावलं, भूप लावला. ते डोळे मिटून बसले, थोड्या वेळाने उघडले, आणि माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"काय केलंत हो तुम्ही? सगळी हवा गेली. गाणं जमिनीवर आलं."

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी चेकबुक काढलं होतं. "तुमची ती आधीची केबल, अगदी तशीच, मला करून द्या. पैशांची काळजी करू नका."

ऑर्डर घेतली आहे. वेणी ही घालणार, वेणीचे पैसे तिचे. सोल्डरिंग माझं. डाव्या केबलीची एक बाजू उलटी करून द्यायची मजुरी वेगळी लावली आहे, आणि स्नेह्यांच्या आग्रहावरून तिच्यावर बाणही काढणार आहे.